जिलेबी आपली की परकी? एका गोडाचा इतिहास आणि आपला चौका



जिलेबीबद्दल आपल्याकडे दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एक म्हणजे, "ती आपली नव्हेच, बाहेरून आलेली आहे." आणि दुसरी, "भारतातला तिचा सगळ्यात जुना उल्लेख जैन ग्रंथात आहे, म्हणजे ती आपलीच." मोबाईलवर दोन्ही फिरत असतात. आणि दोन्ही सांगणाऱ्यांच्या घरात बऱ्याचदा तिसरी गोष्ट असते. घरातली नियमाची बाई जिलेबीच्या ताटाला हात लावत नाही.

मला या तिसऱ्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे. पण तिच्यापर्यंत पोचायला आधीच्या दोन्ही नीट तपासाव्या लागतात.

नाव कुठून आलं

"जिलेबी" हा शब्द अरबी "झलाबिया" आणि फारसी "जुलबिया" या शब्दांपासून आला, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न सय्यार अल-वर्राक याने एक पाककृतींचं पुस्तक लिहिलं. अरबी भाषेतलं हातात असलेलं हे सगळ्यात जुनं पाकशास्त्राचं पुस्तक. त्यात झुलाबिया आहे. सैलसर पीठ गरम तेलात जाळीसारखं सोडायचं, तळायचं आणि मधात बुडवायचं. इराणात आजही रमजानच्या महिन्यात रोजा सोडताना जुलबिया खातात. ट्युनिशिया-अल्जीरियाकडेही "झलाबिया" याच नावाचा गोड पदार्थ आहे.

आता यातला "मधात" हा शब्द आपल्या कानाला लगेच टोचतो. मद्य, मांस आणि मधु हे तीन मकार सोडणं ही श्रावकाची पहिली पायरी. गंमत बघा, बगदादचं ते पुस्तक लिहिलं गेलं त्याच दहाव्या शतकात आपल्याकडे आचार्य अमृतचंद्रांनी "पुरुषार्थसिद्ध्युपाय" लिहिला. त्यात मधाच्या एका थेंबातही हिंसा कशी आहे हे त्यांनी समजावलं आहे. एकाच शतकात एकीकडे मधात भिजलेला गोड पदार्थ लिहिला जातोय आणि दुसरीकडे मध का सोडायचा ते लिहिलं जातंय.

भारतात आल्यावर ही मिठाई साखरेच्या पाकात पडली. हा बदल जैनांनी घडवला असं म्हणायचा मोह होतो, पण तसं म्हणू नये. उसाची साखर ही भारताचीच वस्तू. ती इथे आधीपासून होती आणि पाकाचे प्रकारही होते. आपल्या दृष्टीनं एवढंच की पाक साखरेचा झाल्यामुळे जिलेबीतला मोठा दोष आपोआप गेला.

तळून गोडात घोळवण्याची कल्पनाही काही जिलेबीबरोबर आली नाही. वेदकाळातला अपूप, सुश्रुतसंहितेतला घृतपूर, म्हणजे राजस्थानी घरांत श्रावणात होणाऱ्या घेवराचा पूर्वज, हे सगळे तिच्याआधीचे. आपल्याकडच्या पाकातल्या पुऱ्या आणि पाकातले चिरोटे त्याच वाटेवरचे. बाहेरून आलं ते नाव आणि ते वेटोळं. तळणीची कढई आणि पाकाचं पातेलं इथलंच.

जैन ग्रंथातली जिलेबी

आता दुसरी गोष्ट. १४५० च्या सुमारास जिनसूर नावाच्या जैन ग्रंथकारांनी "प्रियंकरनृपकथा" लिहिली. ही कथा उवसग्गहरं स्तोत्राचा प्रभाव सांगण्यासाठी लिहिलेली आहे. आपल्या श्वेतांबर मैत्रिणी हे स्तोत्र रोज म्हणतात, त्यांना ती ठाऊक असेल. या कथेत एका धनिक व्यापाऱ्याच्या घरच्या जेवणाचं वर्णन येतं आणि त्यातल्या पदार्थांत जिलेबी आहे.

हा उल्लेख जगासमोर आणला तो पुण्यातल्या एका अभ्यासकानं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात परशुराम कृष्ण गोडे हे अभिरक्षक होते. हस्तलिखितांच्या राशीत बसून त्यांनी राजे-लढायांबरोबरच चणे, सुपाऱ्या, अत्तरं, पोहे अशा साध्या वस्तूंचा इतिहास शोधला. १९४३ मध्ये त्यांनी जिलेबीच्या इतिहासावर लेख लिहिला. आज पुस्तकांत आणि मोबाईलवर जे "जैन ग्रंथात जिलेबी" फिरतं, त्याचं मूळ त्या लेखात आहे. १६०० च्या आधीच्या "गुण्यगुणबोधिनी" या संस्कृत ग्रंथातली जिलेबीची कृती त्यांनीच दाखवली. तंजावरच्या व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाईसाहेब यांच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ पंडितांचा सतराव्या शतकातला "भोजनकुतूहल" हा ग्रंथही याच साखळीतला. म्हणजे दोनशे-अडीचशे वर्षांत ही मिठाई कथेतल्या व्यापाऱ्याच्या पंगतीतून थेट तंजावरच्या मराठी दरबारापर्यंत पोचलेली दिसते.

व्यापाऱ्याच्या घरी ती आधी दिसते यात नवल नाही. त्या काळात खंभातच्या बंदरातून होरमुझ आणि एडनकडे गलबतं जात होती आणि त्या व्यापारात जैन सावकारांचा मोठा वाटा होता. कापड जातं, घोडे येतात, तसे पदार्थही येतात. जिलेबी याच वाटेनं आली असावी असा माझा अंदाज आहे.

पण इथे एक सांगते. कथेत आली म्हणून जिलेबी भक्ष्य ठरत नाही. जिनसूरांनी श्रीमंताचं घर कसं दिसतं ते लिहिलं, श्रावकाचा आहार कसा असावा ते नाही. आपल्या कथांमध्ये राजे शिकारीला जातात, म्हणून शिकार योग्य होत नाही. तसंच हे. "आपल्या ग्रंथात आहे" हे इतिहासाचं वाक्य आहे. त्याचा परवाना करू नये.

अडचण कुठे आहे

जिलेबी आपल्या चौक्यात अडते ती एकाच जागी, आंबवण्यात. हलवाई रात्री पीठ भिजवून ठेवतो. कालच्या पिठाचं विरजण आज घालतो, आजच्याचं उद्या. अशा पिठाचा रस चळतो, त्यात असंख्य जीव उत्पन्न होतात, म्हणून रातोरात आंबवलेलं पीठ आपल्याकडे अभक्ष्य मानलं जातं. नियमाच्या बाया जिलेबी खात नाहीत त्याचं कारण हे. ती परकी आहे हे कारण कधीच नव्हतं.

मग जुन्या ग्रंथांत पीठ आंबट कसं करत होते? याचं उत्तर वाचून मी चकित झाले. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या "भावप्रकाश" या वैद्यकग्रंथात जिलेबी आहे. तिथे तिचं नाव "कुंडलिनी", म्हणजे वेटोळी. कृती इतकी तपशीलवार आहे की समोर ठेवून करता येते. नवं मडकं घ्यायचं, त्याला आतून आंबट दही फासायचं. दोन प्रस्थ समिता, म्हणजे गव्हाचं बारीक पीठ, एक प्रस्थ आंबट दही आणि अर्धा शराव तूप एकत्र घोळून मडक्यात घालायचं. आंबट होईपर्यंत उन्हात ठेवायचं. मग भोकाच्या भांड्यातून फिरवत फिरवत गरम तुपात सोडायचं, नीट तळून कापूर वगैरे घातलेल्या पातळ साखरेच्या पाकात बुडवून काढायचं.

प्रस्थ चौसष्ट तोळ्यांचा धरला तर हे प्रमाण आजच्या हिशेबात दीड किलो सपीठ, पाऊण किलो दही आणि पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम तूप असं होतं. म्हणजे वजनात पिठाच्या निम्मं दही आणि आठवा हिस्सा तूप.

माझं लक्ष गेलं ते "उन्हात" या शब्दावर. भावमिश्रांनी रात्र सांगितलेली नाही, ऊन सांगितलं आहे. ते वैद्य होते, त्यांना आपल्या मर्यादेशी कर्तव्य नव्हतं, आणि उन्हात आंबवणं हेही आंबवणंच. त्यामुळे ही कृती जशीच्या तशी आपल्या उपयोगाची नाही. पण तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. जिलेबीला हवा असतो तो आंबटपणा आणि हलकेपणा. कालचं पीठ ही त्याची एक वाट झाली, एकमेव नव्हे.

सासूबाईंची वाट

हे मी पुस्तकांत वाचलं त्याच्या कितीतरी आधी माझ्या सासूबाईंनी ते करून दाखवलं होतं. त्यांनी वयाच्या चाळिशीत शोधाच्या जेवणाचा नियम घेतला. बाजारची मिठाई आजन्म त्याग. माहेरी लग्नाच्या पंगतीत जिलेबी-मठ्ठा खाऊन वाढलेली बाई ती. नियम घेतला म्हणून आवड गेली नव्हती, फक्त हात थांबला होता. "जीभ मागतेच गं, तिला सांगावं लागतं," असं म्हणायच्या.

त्यांच्या धाकट्या मुलाचं, म्हणजे माझ्या दिरांचं लग्न ठरलं तेव्हा कार्यालयात जिलेबी ठरली. सगळी पंगत जिलेबी खाणार आणि नवऱ्या मुलाची आई नुसत्या भातावर उठणार, हे माझ्या मोठ्या जाऊबाईंना पटेना. सासूबाई म्हणाल्या, "माझ्यासाठी काही नको. पण तुम्हाला करायचंच असेल तर चौक्यात करू, मी सांगते तसं."

दही आदल्या दिवशीच्या तापवलेल्या दुधाचं, मर्यादेतलं, करवंटीचा तुकडा टाकून लावलेलं. असं दही गोडसर असतं, ते पुरेसं आंबट नसतं. आणि दही मर्यादेबाहेर आंबट होऊ दिलं तर ते चालत नाही. मग आंबटपणा कुठून आणायचा? त्यांनी लिंबू पिळलं. इतकं साधं. पीठ घरच्या जात्यावरचं, वस्त्रगाळ केलेलं सपीठ. पाणी उकळून गार केलेलं, कारण नुसत्या गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटं. सकाळी देवदर्शन झाल्यावर भिजवलं, तळायच्या क्षणी सोडा घातला आणि दुपारच्या जेवणाआधी तईत जिलेबी पडली. जाऊबाई तळत होत्या, मी पाकात बुडवत होते. वेटोळी काही गोल आली नाहीत, कुठे चौकोनी, कुठे नुसती रेघ. सासूबाईंनी बावीस-तेवीस वर्षांनी जिलेबी खाल्ली. एकच. दुसरी वाढायला गेले तर पानावर हात आडवा धरला. "आता कळलं करता येते ते. पुरे."

त्या "पुरे"मध्ये मला नियमाचा सगळा अर्थ दिसला. मिळत नव्हती म्हणून सोडलेली नव्हती, आणि मिळाली म्हणून सुटलीही नाही.

बस्तीच्या जेवणात

हाच प्रश्न यंदा आमच्या महिला मंडळात आला. महावीर जयंतीच्या जेवणात गोड काय, तर कुणी जिलेबी सुचवली. "परकी" आणि "आपली" ही भांडणं झालीच. मी एवढंच विचारलं, की आपल्यातल्या ज्या आठ-दहा जणी नियमाच्या आहेत त्या ती खाऊ शकतील का? सहभोजन म्हणायचं आणि तेच पान अर्धं रिकामं ठेवायचं, हे कसं? शेवटी तीनशे पानांची जिलेबी त्याच दिवशी भिजवून तळणं हाताबाहेरचं म्हणून सगळ्यांसाठी पाकातल्या पुऱ्या केल्या. कुणाचंच पान रिकामं राहिलं नाही. मला तो निर्णय जिलेबीपेक्षा गोड वाटला.

घरी करायची तर

तीन-चार माणसांच्या घरात मात्र जिलेबी सहज होते. आमचं प्रमाण सांगते. भावमिश्रांच्या हिशेबाच्या ते बरंच जवळ आहे, हे मला नंतर कळलं.

दोन वाट्या सपीठ, अर्धी वाटी मर्यादेतलं दही, दोन मोठे चमचे पातळ तूप. तूप पिठाला चोळून घ्या, मग दही आणि लागेल तसं, साधारण वाटीभर, उकळून गार केलेलं पाणी घाला. पीठ भज्यांच्या पिठापेक्षा किंचित सैल हवं. वरून सोडल्यावर धार तुटू नये. एकाच दिशेनं दहा मिनिटं चांगलं फेटा. अर्ध्या लिंबाचा रस घाला.

पाक आधी करून ठेवा. दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी, एकतारी पाक, त्यात केशर आणि वेलदोडा. चार-पाच थेंब लिंबू घातलं की पाकाची साखर होत नाही. पाक कोमट राहू द्या.

तूप तापलं की पिठात अर्धा चहाचा चमचा सोडा घालून हलक्या हातानं ढवळा आणि लगेच तळायला घ्या. आंबटाशी सोडा मिळाला की वायू होतो आणि तो थोड्याच वेळात निघून जातो. म्हणून पीठ थोडं थोडं घेऊन सोडा घातला तर उत्तम. करवंटीला भोक पाडून किंवा जाड कापडाला काज करून धार सोडा. हल्ली बाटलीच्या टोपणातूनही छान येते. कढई पसरट हवी आणि आंच मध्यम. आंच मोठी असेल तर वरून लाल होते, आतून मऊ राहते आणि पाकात पडली की लोळागोळा होतो. कुरकुरीत झाली की तुपातून थेट पाकात, अर्धा मिनिट, आणि बाहेर. जिलेबी आतून पोकळ असते. गरम असताना त्या नळीत वाफ असते, ती निवते तशी पाकाला आत ओढून घेते. म्हणूनच गार जिलेबी पाकात टाकली तर वरूनच ओली होते.

काही गोष्टी सांभाळा:

बाजारच्या आणि पुस्तकांतल्या बऱ्याच कृतींत मैद्यात थोडं बेसन घालतात. पीठ दह्यात भिजवलं असेल तर ते द्विदल होतं. बेसन वगळा, काही बिघडत नाही.

कुरकुरीतपणासाठी आरारूट सांगतात. आरारूट कंदाचं असतं. त्याऐवजी चमचाभर तांदळाचं पीठ घाला.

सजावटीला चांदीचा वर्ख नको. पूर्वापार तो जनावरांच्या आतड्यात ठेवून कुटत आले आहेत.

सोबत मठ्ठा असेल तर त्यात आलं नको, ज्यांना चालते त्यांनी सुंठ घालावी. आणि त्या जेवणात डाळ-बेसनाचा पदार्थ ठेवू नका, नाहीतर ताकाशी पुन्हा द्विदलच.

ज्या घरांत वारानुसार रस सोडतात तिथे मंगळवारी साखर, बुधवारी तूप आणि शुक्रवारी दही नसतं. जिलेबीत तिन्ही आहेत, तेव्हा वार बघून करा. आणि जेवढी दिवस मावळायच्या आत संपेल तेवढीच करा. उरवायची नाही.

ज्यांचा नियम याहून कडक आहे, किंवा ज्यांनी प्रतिमा घेतल्या आहेत, त्यांनी सोडा, दही यांबद्दल आपल्या महाराजांना किंवा माताजींना विचारूनच ठरवावं. ही आमच्या घरची रीत आहे, शास्त्राचा निकाल नव्हे.

मग आपली की परकी?

नाव परदेशाचं, साखर इथली, पहिली नोंद जैन ग्रंथकाराची, तिचा शोध पुण्याच्या अभ्यासकाचा. इतकी वळणं तर जिलेबीलाही नसतात. माझ्या मते एखादा पदार्थ आपला होतो तो ग्रंथात नाव आल्यानं नाही. घरातल्या बायका त्याला आपल्या व्रतात बसवतात तेव्हा तो आपला होतो. गुण्यगुणबोधिनी, भावप्रकाश, भोजनकुतूहल, सगळे ग्रंथ पुरुषांनी लिहिले. दह्याचा आंबटपणा मर्यादेत बसत नाही म्हणून लिंबू पिळणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच ग्रंथात नाही. तिनं ते मुलीला किंवा सुनेला सांगितलं आणि तिथेच राहिलं.

म्हणून एक विनंती. तुमच्या आई-सासूबाईंनी नियम सांभाळून एखादा पदार्थ करायची जी युक्ती काढली असेल, ती वहीत लिहून ठेवा. प्रमाणासकट आणि कारणासकट. नुसतं "लिंबू पिळावे" लिहू नका, का पिळायचं तेही लिहा. कारण हरवलं की पुढच्या पिढीला नियम म्हणजे फक्त नकार वाटतो. तो नकार किती विचारानं आणि किती हुशारीनं पाळला होता, हे त्यांना कळायला हवं.

जय जिनेंद्र.